मंत्रचळ, टिक आणि आपलं घर: सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसीडी (म्हणजे मंत्रचळ: नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती) आणि टिक (अचानक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज) या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच मुलात सापडतात, म्हणून इथे दोन्हींची उत्तरं एकत्र दिली आहेत. घरातली वागायची रीत मात्र दोन्हींना वेगळी लागते. टिककडे जितकं कमी लक्ष द्याल तितकं बरं. ओसीडीत आपण मुलाला जी 'मदत' करतो, ती हळूहळू काढून घ्यावी लागते. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं: टिकला दिवसभर टोकणं आणि ओसीडीला दिवसभर साथ.

मुलगा मान झटकतो आणि मुलगी दहा वेळा हात धुते. दोन्ही एकच का?

नाही. टिक ही अचानक होणारी, पुन्हा पुन्हा येणारी हालचाल किंवा आवाज: डोळे मिचकावणं, नाक ओढणं, खांदा उडवणं, घसा खाकरणं. आधी त्या जागी कसंतरी होतं, शिंक यायच्या आधी नाकात होतं तसं. टिक झाली की क्षणभर मोकळं वाटतं. मूल ती थोडा वेळ दाबू शकतं. 'मग कायमची का दाबत नाहीस?' असं विचारणं म्हणजे शिंक कायमची का दाबत नाहीस असं विचारणं.

ओसीडीला जुन्या मराठीत मंत्रचळ म्हणतात. त्यात नको असलेला विचार मनात घुसतो, भीती किंवा किळस वाटते आणि ती शमवायला मूल काहीतरी करतं: धुणं, तपासणं, मोजणं, पुन्हा लिहिणं, आईला विचारणं.

मुलाला शांतपणे विचारा, 'हे केलं नाहीस तर काय होईल?' टिक असलेलं मूल सांगेल, 'काही नाही, मानेत कसंतरी होतं.' ओसीडी असलेलं सांगेल, 'पप्पांचा अपघात होईल.' काही मुलं या दोन्हींच्या मधे असतात. सकाळी अंथरूण काढताना चादरीची घडी घालायची, काठ काठाशी आणि नक्षी नक्षीशी जुळली नाही तर उलगडायची, पुन्हा घालायची. का, तर 'बरोबर वाटत नाही' म्हणून. भीती कसलीच नसते. ज्यांना टिक असतात त्यांच्या ओसीडीत हा प्रकार जास्त दिसतो.

सवय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

लहान मुलांना गोष्टी ठरावीक पद्धतीने हव्या असतात. तीन वर्षांच्या मुलाला निळ्याच वाटीत वरणभात लागतो, यात काळजी करण्यासारखं काही नाही. ओसीडीसाठी डॉक्टर साधारण असं बघतात: या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासभर किंवा जास्त जातो का, किंवा त्यामुळे शाळा, जेवण, झोप, खेळ अडतात का. त्यातून मुलाला त्रास होतो का. लहान मुलाला आपली भीती अवास्तव आहे हे कळत असेलच असं नाही, त्यामुळे ते तक्रारही करत नाही. घरातल्या खुणा आधी दिसतात. साबणाची वडी चार दिवसांत संपते. बाथरूममधून हाका मारल्या तरी 'आलो, आलो' चालूच राहतं. वहीचं पान खोडून खोडून फाटतं. शाळेची रिक्षा येऊन हॉर्न मारते आणि बुटाची नाडी पाचव्यांदा सुटते.

टिकचा हिशेब वेगळा. साधारण ४ ते ६ वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२ च्या सुमारास सगळ्यात जास्त असतात आणि बऱ्याच मुलांच्या किशोरवयाच्या शेवटापर्यंत कमी होत जातात. शाळकरी वयात काही महिने टिक येऊन जाणं अगदी नेहमीचं आहे. अनेक हालचालींच्या टिक आणि किमान एक आवाजाची टिक, सगळं मिळून वर्षाहून जास्त काळ आणि सुरुवात १८ च्या आत, तर त्याला टूरेट म्हणतात. हे नाव १८८५ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांवरून आलं. टूरेट म्हणजे शिव्या देणं हा समज व्हिडिओंमुळे पसरला आहे. टूरेट असलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच तो प्रकार असतो.

डोळे मिचकावतो म्हणून चष्मा झाला, खोकतो म्हणून औषध झालं. तरी तसंच. आता?

डोळे आणि घसा एकदा तपासून घेतलेत ते बरोबरच. ॲलर्जी किंवा नंबर असू शकतो. पण तपासणीत काही निघालं नाही, खोकला झोपेत येत नाही, खेळात रमला की थांबतो आणि महिन्याभराने डोळ्यांऐवजी खांदा उडायला लागला, तर ती टिक आहे. चौथी खोकल्याची बाटली आणू नका. फिट वाटली तर हे पाहा: टिक चालू असताना मूल शुद्धीत असतं, बोलतं, थोडा वेळ थांबवूही शकतं. फिटमध्ये सहसा तसं होत नाही. शंका असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. साध्या टिकसाठी एमआरआय सहसा लागत नाही.

आमच्या घरी सोवळं आहे. मग मुलीचं धुणं ओसीडी आहे हे कसं ओळखायचं?

सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, धूतवस्त्र नेसलं, पूजा झाली, संपलं. नियम सगळ्यांना सारखा असतो आणि प्रवासात, आजारपणात आजी स्वतःच सूट देते. मंत्रचळाला शेवट नसतो, सूट नसते आणि नियम रोज वाढतो. काल चपलांच्या कपाटाला हात लागला की धुवायचं, आज कपाटाजवळून गेलं तरी. धार्मिक घरात ओसीडी देवधर्माचं रूप घेतो, डॉक्टरांच्या घरात जंतूंचं, अभ्यासू घरात वहीतल्या अक्षराचं. घरच्या रीतींमुळे तो होत नाही. तो घरच्या भाषेत बोलतो, इतकंच.

आमचं काय चुकलं? मोबाईल, लाड, घरातली भांडणं?

दोन्ही आजार मेंदूच्या कामकाजाशी जोडलेले आहेत आणि घराण्यात उतरतात. काका 'लई तपासत बसतो' किंवा आत्या डोळे मिचकावते, हे चौकशीत पुष्कळदा निघतं. मुलग्यांत टिकचं प्रमाण मुलींच्या तीन-चार पट असतं. ताण, जागरण, परीक्षा आणि आजारपण यांनी दोन्ही वाढतात, पण ते मुळाशी नसतात. मोबाईलमुळे टिक 'होते' असं म्हणता येत नाही. रात्री बारापर्यंत मोबाईल बघून झोप बुडाली तर दुसऱ्या दिवशी टिक नक्की जास्त दिसते. आणि टूरेट असलेल्या साधारण निम्म्या मुलांना चंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा त्रासही असतो. पुष्कळदा शाळेत खरी अडचण त्याचीच असते.

तो दिवसभर विचारतो, 'मम्मी, हात स्वच्छ आहेत ना? मला काही होणार नाही ना?' काय सांगायचं?

आत्तापर्यंत काय होतंय ते बघा. तुम्ही म्हणता, 'हो रे, स्वच्छ आहेत.' त्याला बरं वाटतं, पाच मिनिटं. मग पुन्हा शंका, पुन्हा प्रश्न. प्रत्येक उत्तराने मेंदू शिकतो की शंका खरी होती आणि सुटका आईच्या उत्तरातच होती. महिन्याभरात एकदाचे पन्नासदा होतात. ओसीडी असलेल्या जवळपास प्रत्येक घरात हे असतं, आणि ते प्रेमापोटीच होतं.

एकदम बंद करू नका. असं करा:

पहिला आठवडा फक्त मोजा. फ्रीजवर कागद लावा आणि प्रत्येक प्रश्नाला एक रेघ ओढा. दिवसाला तीस निघाले की बहुतेक पालक चकित होतात, कारण त्यांना दहा वाटत होते.

मग शांत वेळी, भांडण चालू नसताना, मुलाला आधी सांगून टाका: 'हा प्रश्न तुझा नाही, ओसीडीचा आहे. मी उत्तर दिलं की तो मोठा होतो. सोमवारपासून मी या एका प्रश्नाचं उत्तर देणार नाही. तुझ्याजवळ बसेन.' ओसीडीला मुलानेच नाव द्यावं, खडूस, किटकिट्या, काहीही. मग घरातली झुंज मुलाविरुद्ध राहत नाही.

वाक्य एकच ठेवा आणि सगळ्यांनी तेच बोला: 'हा किटकिट्याचा प्रश्न आहे. तुला अवघड जातंय हे दिसतंय, आणि तू हे निभावून नेशील.' घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर वाक्य त्याच भाषेत ठरवा. पाठ केलेलं मराठी वाक्य ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

आता नेमकं कुठे फसतं ते. पहिले काही दिवस प्रश्न कमी होण्याऐवजी वाढतात, रडारड होते, 'तुला माझी काळजीच नाही' हेही ऐकावं लागतं. हे अपेक्षित आहे. चौथ्या दिवशी कंटाळून उत्तर दिलंत, तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस रडलं की उत्तर मिळतं. पुढच्या वेळी ते पाच दिवस रडेल. म्हणून सुरुवात अशा प्रश्नापासून करा जिथे तुम्ही टिकाल, सगळ्यात मोठ्या भीतीपासून नको. दुसरी गळती म्हणजे घरातला दुसरा माणूस. आई गप्प राहते, आणि कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले पप्पा झोपेतच 'हो, स्वच्छ आहेत, जा' म्हणून टाकतात. त्यांनाही कागदावरचं वाक्य दाखवा.

एक बारकावा: मुलाने काय करावं हे ठरवू नका, तुम्ही काय करणार हे ठरवा. 'तू आता हात धुवायचे नाहीत' हे तुमच्या हातात नाही. 'मी पुन्हा साबण आणून देणार नाही', 'मी तुझ्यासाठी दाराची कडी उघडणार नाही' हे आहे.

पाणी रोज येत नाही आणि हिला एका वेळी अर्धी बादली लागते. नळ बंद केला तर?

पाणी यायच्या दिवशी पिंप, हंडे, टाकी भरून घ्यायची आणि मधले दिवस पुरवून वापरायचं, अशा घरात धुण्याच्या ओसीडीवरून भांडण लवकर पेटतं आणि राग मुलीवर निघतो. नळ बंद करून किंवा बाथरूमला कुलूप लावून ओसीडी जात नाही. मुलगी मग पिण्याच्या पाण्याने गुपचूप धुते, सॅनिटायझर संपवते, नाहीतर कशाला हातच लावत नाही. जेवणही आईच्या हातून.

उपाय उतरंडीचा आहे. ज्या गोष्टींना हात लावायची भीती आहे त्यांची यादी मुलीबरोबर बसून करा आणि प्रत्येकीला ० ते १० गुण द्या. यादी अशी निघू शकते: स्वतःच्या दप्तराचा पट्टा २, दाराची कडी ४, रिक्षाची सीट ५, चपला ठेवायची फळी ७, सार्वजनिक संडासाचं दार १०. सुरुवात २ किंवा ३ पासून. पट्ट्याला पूर्ण तळहात लावायचा आणि न धुता थांबायचं. भीती आधी चढते आणि काही न करताही हळूहळू उतरते, कधी १० मिनिटांत, कधी ४० मिनिटांत. दर पाच मिनिटांनी तिलाच आकडा विचारा आणि लिहा. तोच सराव रोज, आकडा १-२ वर येईपर्यंत. मग पुढची पायरी. न धुण्याचा भाग सुटला तर पहिल्या भागाचा काही उपयोग नाही. हात लावला आणि लगेच धुतला, तर तो रोजचा ओसीडीच झाला. याला ईआरपी म्हणतात. मुलांच्या ओसीडीसाठी ही पहिल्या पसंतीची उपचारपद्धती आहे. ५ च्या वरच्या पायऱ्या थेरपिस्टशिवाय घरी करू नका.

धुणं पूर्ण बंद करायचं नाही. संडासानंतर, जेवणाआधी आणि बाहेरून आल्यावर २० सेकंद, एक मग पाणी, एकदा साबण. हा घरातल्या सगळ्यांचा नियम. पाणी मगाने मोजणं सोपं असतं, बादलीने अवघड.

हात भेगाळले असतील तर धुतल्यावर व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्या भेगा पटकन रक्ताळतात. पण 'तेल लागलं म्हणजे हात चिकट, म्हणजे धुवायला हवे' असं नवं चक्र सुरू होत नाही ना, तेवढं बघा.

मुलगा म्हणतो, देवासमोर उभा राहिलो की मनात शिव्या येतात. आईला सुरी मारीन असाही विचार येतो म्हणून रडतो.

हाही ओसीडी असू शकतो, आणि पालक सगळ्यात जास्त याच प्रकाराला घाबरतात. जे मुलाला सगळ्यात प्रिय किंवा पवित्र, नेमकं तिथेच ओसीडी चावा घेतो. विचार मनात आला म्हणजे इच्छा आहे असं नाही. रडण्याचं कारणच ते आहे की त्याला तसं करायचं नाही. 'असं मनात आणूच नकोस' म्हणू नका, त्याने विचार दुप्पट येतो. सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन माफी मागायला लावू नका, जादा प्रदक्षिणा घालू देऊ नका. नेहमीचं दर्शन नेहमीसारखं चालू द्या. सुऱ्या लपवून ठेवू नका, कारण त्याचा अर्थ मूल असा लावतं की आईलाही माझी भीती वाटते. सांगायचं एवढंच: 'असे विचार पुष्कळांना येतात. तुझ्या मनात तो अडकला, कारण तू त्याला फार घाबरलास.' हे एकदा सांगा, दर तासाला नको, नाहीतर तेच आश्वासन होऊन बसतं. मुलाला त्या विचाराचा त्रास होत नसेल, तो बेत आखत असेल किंवा कोणाला इजा केली असेल, तर गोष्ट वेगळी आहे. लगेच डॉक्टरांना भेटा.

टिक आली की 'नको करू' म्हणायचं का?

नाही. टोकल्याने टिक वाढते. कौतुकाने मोजणं, पाहुण्यांसमोर 'बघा कसा करतो' म्हणणं, मारणं, तिखट लावीन अशी धमकी, सगळ्याचा परिणाम तोच. चेहरा न बदलता चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवा. मुलं शाळेत टिक दाबून ठेवतात आणि घरी आल्यावर तासभर मोकळी सोडतात. पाच वाजता ते तुम्हाला 'मुद्दाम' वाटतं. त्या तासात गृहपाठ नको, आधी खाणं आणि खेळणं.

आजी वेगळ्या पिढीची. 'किती डोळं मिचकावालास रं?' हे प्रेमानेच निघतं. तिला 'बोलू नको' एवढंच सांगितलं तर ती गप्प बसणार नाही. तिला काम द्या: टिक दिसली की एक शेंगदाणा वाटीत टाकायचा, मुलाला न कळता, आणि रात्री आईला सांगायचं. आठवडाभरात तिलाच कळतं की टिक आपोआप कमी-जास्त होते.

टिक कमी करायचा काही सराव आहे का?

आहे, आणि साधारण नऊच्या पुढच्या मुलांना तो चांगला जमतो. ज्या टिकचा त्रास सगळ्यात जास्त ती एकच आधी घ्यायची. टिक यायच्या आधी नेमकं कुठे कसं वाटतं ते मुलाने ओळखायचं. ती जाणीव आली की टिकला अडवणारी दुसरी, न दिसणारी हालचाल करायची आणि जाणीव ओसरेपर्यंत, किंवा किमान एक मिनिट, धरून ठेवायची.

मान झटकणं: हनुवटी किंचित खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलके ताठ. खांदा उडवणं: कोपर कुशीला लावून दंड खाली दाबायचा. घसा खाकरणं किंवा आवाज: तोंड मिटून नाकाने सावकाश, पोटातून श्वास. डोळे मिचकावणं: ठरवून, सावकाश, तीन ते पाच सेकंदांनी एकदा पापणी लववायची.

सराव घरी, रोज १०-१५ मिनिटं, मोठ्या माणसाबरोबर. शाबासकी सराव केल्याबद्दल द्या, टिक कमी झाल्याबद्दल नको. नाहीतर मूल तुमच्यासमोर टिक दाबायला शिकतं, एवढंच. पूर्ण पद्धत साधारण दहा आठवड्यांत आठ बैठकांची असते आणि प्रशिक्षित माणसाकडूनच शिकावी. फसण्याचं नेहमीचं कारण: दुसरी हालचाल इतकी ठळक निवडली की वर्गात तीच दिसायला लागली.

गाणगापूरला नेऊन आणलं, दोन महिने बरं होतं. मग पुन्हा सुरू झालं. असं का?

टिक लाटेसारखी येते. काही आठवडे चढते, काही आठवडे उतरते. कुठलाही उपाय माणूस ती शिखरावर असतानाच करतो. पुढे ती उतरणारच असते आणि श्रेय त्या वेळी जो कोणी होता त्याला जातं: गाणगापूर, ताईत, मॅग्नेशियमची गोळी किंवा नवा डॉक्टर. दर्शनाला जायला हरकत नाही. पण अंगात आलंय किंवा बाहेरची बाधा आहे म्हणून मारहाण, उपास किंवा धुरी असं काही होत असेल तर मुलाला तिथून उचलून आणा. आणि चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

औषध सुरू केलं तर आयुष्यभर घ्यावं लागेल का?

सौम्य ओसीडीत आधी ईआरपी, मध्यम ते तीव्र असेल तर ईआरपी आणि गोळी दोन्ही. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, फ्लूव्होक्झामिन ही मुलांना दिली जाणारी नेहमीची औषधं. यांची नशा होत नाही. पण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात आणि ओसीडीला डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पोट बिघडणं, झोप कमी-जास्त होणं, चुळबूळ वाढणं होऊ शकतं. काही थोड्या मुलांत मरणाचे विचार वाढतात, म्हणून पहिले दोन महिने आणि प्रत्येक डोस बदलल्यावर मुलाशी रोज बोला.

टिकला औषध प्रत्येकाला लागत नाही. मान दुखते, इजा होते, चिडवलं जातं किंवा अभ्यास अडतो, तेव्हाच. क्लोनिडिन, ॲरिपिप्राझोल, रिस्पेरिडोन ही वापरातली नावं. टिक कमी होते, शून्य क्वचितच होते. शेवटच्या दोन औषधांनी वजन वाढू शकतं, दर महिन्याला वजन करा. क्लोनिडिन एकाएकी बंद केलं तर रक्तदाब उसळतो, म्हणून गावाला जाताना पट्टी मोजून घ्या. या गोळीवर असलेल्या मुलाला एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलं तर चक्कर येते. दुपारी मैदानावर पाठवू नका, पाण्याची बाटली सोबत द्या.

सोलापुरात दाखवायचं कुठे?

शहर ज्याला सिव्हिल म्हणतं ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. टिकसाठी सुरुवात बालरोगतज्ज्ञांकडून केली तरी चालते. थेरपी देणाऱ्याला सरळ विचारा: 'तुम्ही ईआरपी करता का? घरी सराव देता का?' उत्तर फक्त 'मन शांत करायला शिकवू' असं आलं तर दुसरीकडे विचारा. ईआरपी ऑनलाइनही करता येते. दुखणं फारच गुंतागुंतीचं असेल तर बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं खास क्लिनिक आहे, उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: मोफत, चोवीस तास, मराठीत. तेलुगू आणि कन्नडही आहे.

पहिल्या भेटीला फ्रीजवरचा तो कागद न्या, आणि टिकचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ. डॉक्टरांसमोर बसलेलं मूल टिक पुष्कळदा दाबतं, आणि 'मला तर काही दिसत नाही' ऐकून तुम्ही परत येता.

शाळेत काय सांगायचं?

वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना एका पानाचं पत्र द्या. त्यात चार गोष्टी पुरे: हे मुद्दाम नाही. टोकू नका, शिक्षा करू नका. दाबून ठेवणं असह्य झालं तर पाच मिनिटं बाहेर जायची परवानगी द्या. लिहायला वेळ जास्त लागतो. बाक पहिला नको, सगळ्यांचे डोळे पाठीवर राहतात. कडेचा, दाराजवळचा चांगला. पुन्हा पुन्हा खोडणाऱ्या मुलाची वही पेनने लिहून घ्या आणि चूक एका रेघेने कापायची असं ठरवा. दहावीला जास्त वेळ किंवा वेगळी खोली हवी असेल तर नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. आपला जिल्हा बोर्डाच्या पुणे विभागात येतो आणि कागदपत्रं शाळेमार्फतच जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा एक प्रकार धरलेला आहे.

वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं.

धाकटीला वाटतं सगळं दादाचंच चाललंय.

तिचं बरोबर आहे. आठवड्यातला एक ठरलेला तास फक्त तिचा. आणि तिला दादाच्या ओसीडीच्या कृतींत ओढू नका. 'दादाला बरं वाटावं म्हणून तूही हात धू' हे तिचं काम नाही.

रात्रीतून एकदम सुरू झालं, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. काल बरं असलेलं मूल एक-दोन दिवसांत तीव्र ओसीडी किंवा टिक दाखवायला लागलं, जेवण सोडलं, वारंवार लघवीला जायला लागलं, अक्षर बिघडलं, आणि आधी घसा दुखत होता किंवा ताप आला होता, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. जेवण-पाणी बंद झालं, मूल स्वतःला इजा करायला लागलं किंवा मरणाबद्दल बोलायला लागलं, तर कारण काहीही असो, त्याच दिवशी रुग्णालय.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, न्यायचं का? गर्दीत टिक वाढते, आणि मोठीला तर पाळण्याच्या दांड्याला हात लावायचा नसतो.

न्या. घरी ठेवलेल्या मुलाला एवढंच कळतं की आपण लोकांत नेण्यासारखे नाही. दुपारी चारच्या सुमारास जा, रात्री आठची गर्दी टाळा. तासाभराने थोडं बाजूला बसायची जागा आधीच ठरवा. आवाजाचा त्रास होत असेल तर कानात कापसाचे बोळे चालतात. मोठीबरोबर निघण्याआधी यादीतली एकच पायरी ठरवा, तिच्या ३-४ गुणांची. पाळणा ७ गुणांचा असेल तर यंदा पाळणा नको, भेळ चालेल. कागदातली भेळ हाताने खायची. सॅनिटायझरची बाटली घरीच ठेवा, तुमच्या पर्समध्येही नको, कारण तिला ती माहीत असते. घरी आल्यावर हात सगळ्यांनी धुवायचे, एकदा, वीस सेकंद, एक मग.